आसवारिष्टे आणि रुग्णाची मद्यविषयक जाणीव

"मद्य घेता का?" या प्रश्नास रुग्ण "नाही" म्हणतो, कारण अरिष्टास तो मद्य समजत नाही. वस्तुतः आसवारिष्टांत संधानाने उत्पन्न झालेला मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. १० टक्के धरल्यास २० मि.ली. मात्रा दोन वेळा घेतल्याने दिवसाकाठी ४ मि.ली. मद्यार्क पोटात जातो. समभाग पाणी मिसळल्याने तो कमी होत नाही.

निरोगी प्रौढास ही मात्रा अल्प होय. परंतु व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्यास तेवढ्यानेही चेहरा लाल होणे, धडधड, वांती व रक्तदाब घटणे संभवते. ते औषध थांबविल्यावरही १४ दिवसांपर्यंत हा धोका राहतो. मेट्रोनिडॅझोल चालू असता व संपल्यावर किमान ३ दिवस मद्य वर्ज्य सांगितले आहे. अशा रुग्णांत आम्ही दशमूलारिष्टाऐवजी दशमूल क्वाथ, अभयारिष्टाऐवजी हरीतकी चूर्ण योजतो.

औषधविक्रेत्यांनीही अरिष्टाची बाटली देण्यापूर्वी इतर चालू औषधे विचारावीत. दारू सोडण्याच्या गोळीविषयी मात्र इतरांसमक्ष विचारू नये; संकोचापोटी रुग्ण नकार देतो आणि आपला प्रश्न व्यर्थ जातो.