आधी ‘किती?’ विचारलं

2019 च्या गणपतीतली गोष्ट. गौरी जेवून गेल्या त्या संध्याकाळी आमची चिंगी पाण्याच्या वाडग्यापासून हलेना. दोन दिवस ती सारखं पाणी पीत होती, सारखी शू करत होती. जेवणाकडे मात्र बघत नव्हती. घरात पाहुण्यांची वर्दळ, फटाक्यांचा आवाज. घाबरली असेल, असं मी धरून चालले. चिंगी आठ वर्षांची. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, साधी गावठी कुत्री. कधी आजारी पडली नव्हती, त्यामुळे डॉक्टरांकडे जायचं ते इंजेक्शनपुरतंच.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं. रात्री साडेनऊला सोनोग्राफी झाली. गर्भाशय पुवाने भरलं होतं. याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी न केलेल्या मादीला, विशेषतः वय झाल्यावर, माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत हा आजार होतो. काहींना खालून स्राव जातो, तेव्हा लवकर कळतं. चिंगीचा स्राव आतच अडकला होता आणि तो प्रकार अधिक घातक. विष रक्तात भिनतं, मूत्रपिंडं दमतात; म्हणून ते पाणी पिणं.

डॉक्टर म्हणाले, “ताई, आज रात्रीच गर्भाशय काढायला हवं.”

मी विचारलं, “किती होतील?”

जनावर टेबलावर पडलेलं होतं आणि माझ्या तोंडून आधी तो प्रश्न निघाला. रक्त द्यावं लागलं तर धरून पंचेचाळीस-पन्नास हजार, असं उत्तर आलं. माझ्या खात्यात अकरा होते. लेकीच्या फीचा हप्ता नुकताच भरला होता. मी म्हटलं, आज अँटिबायोटिक आणि सलाईन द्या, सकाळी पैशांची सोय करून येते. डॉक्टरांनी समजावलं, पण जबरदस्ती करणं त्यांच्या हातात नव्हतं. सकाळी नणंदेने पैसे दिले. साडेदहाला ऑपरेशन झालं, तेही व्यवस्थित. पण मूत्रपिंडं गेली होती. चिंगी चौथ्या दिवशी गेली, आणि बिल एकसष्ट हजारांचं झालं.

रात्रीच केलं असतं तर ती वाचलीच असती, असं डॉक्टरांनी मला सांगितलं नाही. मीही तसं म्हणत नाही. पण ते बारा-तेरा तास पैशांमुळे गेले, हे खरं आहे, आणि ते मी इथे लिहिते आहे ते केवळ तुमच्यापैकी कोणावर तशी रात्र येऊ नये म्हणून.

प्राण्यांचे डॉक्टर लुटतात, असं मला तेव्हा अनेकांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. भूल द्यायचं यंत्र, एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, टाक्यांचा दोरा, रात्रपाळीचा मदतनीस, यांतलं काहीही कुत्र्याचं आहे म्हणून स्वस्त मिळत नाही. रक्त हवं असेल तर बहुतेक वेळा दुसरा धडधाकट कुत्रा शोधून त्याच्या मालकाला विनवावं लागतं. माणसाच्या दवाखान्याचं बिल आपल्याला तेवढं बोचत नाही, कारण त्यामागे कुठे मेडिक्लेम असतो, कुठे महात्मा फुले जनआरोग्य योजना असते. जनावराच्या बिलासमोर आपण एकटे उभे असतो. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या प्राण्यांसाठी उभं आहे, 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय सुरू झालं, तालुक्या-तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. या सगळ्यांचा आधार मोठा आहे. पण रात्री साडेनऊला आपण जिथे पोचतो, तो बहुधा जवळचा खासगी दवाखाना असतो.

विम्याचं माझ्या डोक्यात घातलं ते दादाने. तो शिरूरकडे गावी असतो, चार गाई आहेत. चिंगीचं ऐकून भेटायला आला तेव्हा म्हणाला, “अगं, आमच्या गाईचा विमा असतो. कुत्र्याचा नसेल का?” गाईच्या कानातला बिल्ला मी लहानपणापासून बघत आले होते; तो विम्यासाठीही लागतो, हे माहीत नव्हतं. गाय दगावली तर कंपनीला कळवायचं, डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्यायचं आणि कानातला बिल्ला दाव्यासोबत द्यायचा. “बिल्ला नाही तर दावा नाही,” दादा म्हणाला. एकदा त्याच्या एका गाईचा बिल्ला गोठ्यात कुठेतरी तुटून पडला, त्याने नवा मारून घेतला नाही आणि ती दगावल्यावर एक पैसाही मिळाला नाही.

दादाचं ते वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. मात्र त्याच्या विम्यात आणि मला हव्या असलेल्या विम्यात एक मोठा फरक आहे. गाईचा विमा मुख्यतः ती मेल्यावर पैसे देतो, कारण शेतकऱ्याचं भांडवल बुडालेलं असतं. सरकारी विमा कंपन्यांकडे कुत्र्याचे विमे पूर्वीपासून आहेत, त्यांचाही भर मृत्यूच्या भरपाईवरच असायचा. मला कुत्रं मेल्यावर पैसे नको होते, ते जगावं म्हणून हवे होते. 2020 नंतर काही खासगी कंपन्यांनी कुत्र्यांच्या आणि मग मांजरांच्याही उपचारखर्चाच्या पॉलिसी आणल्या. म्हणून पहिली सूचना: माहितीपत्रकावर गोंडस पिल्लाचं चित्र असलं तरी आत बघा, ऑपरेशन आणि दवाखान्यात ठेवण्याचा खर्च मूळ पॉलिसीत आहे की वेगळे पैसे भरून घ्यायचा आहे. काही ठिकाणी मूळ पॉलिसी म्हणजे अंत्यसंस्काराचा खर्च आणि मृत्यूची रक्कम एवढंच असतं.

2022 मध्ये बंड्या आला. तोही गावठीच. पाच महिन्यांचा झाल्यावर मी त्याचा विमा उतरवला. एका ठिकाणी वंशावळीचा दाखला मागितला, दुसरीकडे गावठी कुत्राही चालत होता. विचारल्याशिवाय हे कळत नाही, आणि “आमचा काय, साधा आहे” म्हणून लोक विचारतच नाहीत. वार्षिक हप्ता पाच हजार दोनशे. ओळखीसाठी कुठे फोटो घेतात, कुठे नाकाचा ठसा. प्रत्येक कुत्र्याच्या नाकाचा ठसा वेगळा असतो. मी मानेजवळ कातडीखाली मायक्रोचिप बसवून घेतली, तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी क्रमांकाची. हा बंड्याचा बिल्ला. हा क्रमांक पॉलिसीवर, लसीकरणाच्या वहीत आणि डॉक्टरांच्या प्रत्येक कागदावर एकसारखा येतो की नाही, हे मी दर वेळी तपासते.

विमा घेतल्याच्या अकराव्या दिवशी बंड्याला ताप भरला. पावसाळ्यात गोचिडांमुळे होतो तो. रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या, पाच दिवस सलाईन चालली, नऊ हजार सातशे खर्च झाले. दावा नामंजूर झाला. मी खूप चिडले. मग पॉलिसी पहिल्यांदा पूर्ण वाचली, आणि चूक माझी निघाली. आजारपणासाठी प्रतीक्षा कालावधी असतो. तो कंपनीगणिक वेगळा असतो, आजारागणिकही वेगळा असतो. कुठे काही दिवस, कुठे काही महिने. त्या काळात जे होतं ते आपलं आपण सोसायचं. जे दुखणं आधीपासून आहे त्याचेही पैसे मिळत नाहीत. त्यामुळे कुत्रं आजारी पडल्यावर विमा शोधायला निघणं म्हणजे विहिरीत पडल्यावर पोहायला शिकणं. पिल्लू धडधाकट असतं, पैसे वाया जातील असं वाटतं, तेव्हाच तो घ्यायचा. पुढे वय आडवं येतं. बहुतेक कंपन्या ठरावीक वयानंतर नवा विमा देत नाहीत, आणि मोठ्या जातींसाठी ही मर्यादा आणखी आधी येते. नूतनीकरणात खंड पडला तर प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. माझ्या फोनमध्ये त्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण लावलेली आहे.

त्या नकारानंतर मी एक जाड फाइल केली. लसीकरणाची वही तिच्यात सर्वांत वर, कारण ज्या रोगाची लस मिळते तो रोग लस न दिल्यामुळे झाला, तर दावा बसत नाही. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज, दरवर्षी तारखेला. नुसता शिक्का चालत नाही, कुपीवरचं लेबल चिकटवून डॉक्टरांची सही घेते. डॉक्टर नोंदणीकृत पशुवैद्यक हवेत आणि त्यांचा नोंदणी क्रमांक कागदावर हवा. कोपऱ्यावरच्या पेट शॉपमधल्या मुलाने टोचलेल्या इंजेक्शनला विमा कंपनी मानत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हीही मानू नये.

डॉक्टर काय लिहितात तेही वाचत जा. “बऱ्याच दिवसांपासून लंगडतो” असं तुम्ही सहज बोलून जाता, ते केसपेपरवर उतरतं आणि उद्या “जुनं दुखणं” ठरतं. खोटं सांगा असं मी अजिबात म्हणत नाही. अर्जात काही लपवलं तर सगळी पॉलिसीच रद्द होऊ शकते. पण परवापासून असेल तर परवापासून म्हणा.

मागच्या वर्षीच्या श्रावणात बंड्या सिंहगड रस्त्यावर फिरताना कोणीतरी टाकलेलं भाजलेलं कणीस गिळून बसला. दाणे खाल्लेलं बुरकुंड. कुत्र्याच्या पोटात ते विरघळत नाही, आतड्यात बुचासारखं बसतं. मला कळलं ते तिसऱ्या उलटीनंतर. एक्स-रे, सोनोग्राफी, आणि पुन्हा तेच शब्द: आत्ताच पोट उघडायला हवं. डॉक्टर रक्कम सांगत होते, तोवर मी संमतीपत्रावर सही करून मोकळी झाले होते. मी फक्त विचारलं, “वाचेल ना?”

तो वाचला. बिल अठ्ठावन्न हजार चारशेचं झालं. हे मी आधी भरलं, कारण यातल्या बहुतेक पॉलिसीत पैसे आपण भरायचे आणि मागाहून मागायचे असतात. विमा आहे म्हणून हात हलवत दवाखान्यात जाता येत नाही. चिंगीनंतर मी चाळीस हजार वेगळे ठेवले होते, उरलेले क्रेडिट कार्डावर टाकले. कंपनीला त्याच रात्री ईमेल केला. कळवण्याची मुदत असते आणि ती चुकली की खरा दावाही अडतो. पुढे एक्स-रेची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी आणि तिच्याशी जुळणारं प्रत्येक बिल पाठवलं. हातमोजे, पॅड वगैरे तीन हजार नऊशेचं सामान त्यांनी वजा केलं. राहिलेल्या रकमेचा दहावा हिस्सा माझ्यावर होता, तो पॉलिसीत लिहिलेलाच होता. पाच आठवड्यांनी एकोणपन्नास हजार पन्नास रुपये जमा झाले.

हप्ता स्वस्त दिसला तर हा आपला हिस्सा किती आहे ते आधी बघा. एकूण विमा रकमेच्या आत एका ऑपरेशनला वेगळी मर्यादा आहे का, तेही विचारा. लाखाची पॉलिसी असते आणि एका आजाराला तीस हजारांच्या वर मिळत नाहीत, असं होऊ शकतं. दवाखान्यात किती तास ठेवायला हवं ही अटही वाचा, कारण आपल्याकडे कितीतरी कुत्री दिवसभर सलाईन घेऊन संध्याकाळी घरी येतात. नेहमीच्या तपासण्या, जंतांची औषधं, लसी हे घरखर्चातलंच समजा. वेगळा हप्ता भरून तो भाग घेता येतो, पण मला तो परवडला नाही. तिसऱ्या व्यक्तीला कुत्रा चावला तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईचं संरक्षण मात्र मी घेतलं आहे. सोसायटीत लहान मुलं आहेत.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. बंड्याच्या गोचीडतापाच्या वेळी मी गेले नाही, कारण अट माझ्याच सहीखाली होती.

कुत्रं दहा-अकरा वर्षांचं असेल तर विम्यामागे धावू नका. पोस्टात किंवा बँकेत त्याच्यासाठी आरडी काढा, महिना हजार रुपयांची, आणि ती मोडायची नाही. जवळचा चोवीस तास उघडा असणारा दवाखाना आजच जाऊन बघून ठेवा. तिथे ऑपरेशन होतं का, रात्री डॉक्टर असतात की फक्त मदतनीस, हे विचारून या.

आणि घरात मादी असेल तर, नसबंदीचा खर्च पॉलिसीत बसत नाही म्हणून ती पुढे ढकलू नका. गर्भाशयच नसेल तर त्यात पू साठत नाही. चिंगीची नसबंदी करा, असं डॉक्टरांनी मला ती दोन वर्षांची असताना सांगितलं होतं. तेव्हाचे साडेचार हजार मला जास्त वाटले होते.