शोध संशोधकाचा, धंदा आपला

व्हिडिओत घाईत सांगितलेलं उदाहरण इथे नीट मांडतो.

पुण्यात ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारी 'आरती' ही संस्था आहे. तिथल्या डॉ. आनंद कर्वे यांनी साधा विचार केला. शेणातली बरीच ऊर्जा जनावराने आधीच काढून घेतलेली असते. मग जंतूंना थेट पिष्टमय अन्नच दिलं तर? उरलेला भात, शिळी पोळी, खरकटं. कमी मालात जास्त गॅस मिळाला आणि संयंत्र लहान झालं: पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एकीत दुसरी पालथी. या कामाला 2006 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आता दुकानदाराच्या नजरेनं बघा. शोध एक, पण कामं किती! टाक्या कापणं, पाइप जोडणं, घरी बसवणं आणि नंतरची देखभाल.

देखभालीचं महत्त्व मी ठेच लागून शिकलो. दुकानात सोलर कंदील ठेवले, पटापट खपले. दीड वर्षात बॅटऱ्या बसल्या. माझ्याकडे ना सुटे भाग, ना कारागीर. एक काका म्हणाले, "विकताना होतास, आता कुठे गेलास?" पैसे परत केले, पण काका पुन्हा दुकानात आले नाहीत.

म्हणून हरित वस्तू विकायला घेण्याआधी वहीत तीन प्रश्न लिहा:

1. ती चालवायला लागणारा माल गिऱ्हाइकाकडे रोज असतो का?
2. बिघडली तर गावात कोण दुरुस्त करेल?
3. दुरुस्तीचा खर्च कोण देणार?

तिन्ही उत्तरं मिळाली, तरच माल भरा.