हायजिया : अंधारात राहिलेला मोठा लघुग्रह

लघुग्रहांचा पाठ आम्ही वर्गात न घेता मैदानावर सुरू करतो. विद्यार्थ्यांकडून मातीचे दोन गोळे करवून घेतो : एक लिंबाएवढा, दुसरा मोसंबीएवढा. लहान गोळ्याला चुना लावायचा, मोठ्याला काजळी. दिवेलागणीच्या वेळी दोन्ही गोळे मैदानाच्या टोकाला ठेवून दुरून त्यांवर विजेरीचा झोत टाकला, की मुले एका सुरात सांगतात, "पांढरा दिसला!" मोठा गोळा शेजारीच असतो, परंतु तो दिसण्यास बराच वेळ लागतो. हायजिया या लघुग्रहाची कथा अशीच आहे.

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये असंख्य लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. त्यांतील पहिला, सेरेस, १८०१ साली सापडला. पुढे १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जुनो आणि १८०७ मध्ये वेस्टा यांचा शोध लागला. हायजिया मात्र १२ एप्रिल १८४९ रोजी, इटलीतील नेपल्स येथील वेधशाळेत आनिबाले दे गास्पारिस यांना दिसला. शोधाच्या क्रमाने तो दहावा. आकाराच्या क्रमाने पाहिले, तर सेरेस, वेस्टा व पॅलस यांच्यानंतर त्याचाच क्रमांक लागतो. जुनोचा व्यास सुमारे २५० किलोमीटर, तर हायजियाचा ४३० किलोमीटरांहून थोडा अधिक. तरीही लहान जुनो पंचेचाळीस वर्षे आधी सापडला.

असे का घडले? लघुग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो. सूर्याचा जेवढा प्रकाश ते परावर्तित करतात, तेवढाच आपल्याला दिसतो. वेस्टावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी सुमारे चाळीस भाग परत फिरतात. हायजियावरून जेमतेम सात. त्याचा पृष्ठभाग कार्बनयुक्त द्रव्याने काळवंडलेला आहे. त्यातच तो सूर्यापासून सरासरी सुमारे ४७ कोटी किलोमीटर दूर असून त्याला एका प्रदक्षिणेस साडेपाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. काळेपणा आणि अंतर या दोहोंमुळे तो उशिरा दृष्टीस पडला.

येथे एक खरी अडचण उभी राहते. दुर्बिणीतून लघुग्रह केवळ प्रकाशाचा ठिपका दिसतो. तो ठिपका लहान पण उजळ गोलाचा असू शकेल, किंवा मोठ्या पण काळ्या गोलाचा. नुसत्या तेजावरून निवाडा केला, तर काळ्या गोलांवर हमखास अन्याय होतो.

या अडचणीचे उत्तर आमचे मातीचे गोळे दुसऱ्या दिवशी देतात. दुपारच्या उन्हात ते ठेवून नंतर हात लावला, की काजळीचा गोळा अधिक तापलेला लागतो. जो प्रकाश परत फिरवला नाही, तो त्याने उष्णता म्हणून साठवला. लघुग्रहही अशीच तापून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकतात. दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण ही दोन्ही मापे जुळवली, की आकार व काळेपणा वेगवेगळे काढता येतात. १९७० च्या दशकात ही पद्धत रुळली. १९८३ साली इरास या उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाशाची पाहणी केली आणि दीड हजारांहून अधिक लघुग्रहांचे आकार हाती आले. ज्ञात लघुग्रहांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हायजियासारखेच काळे, कार्बनयुक्त आहेत. ज्यांना विरळा समजावे, तेच बहुसंख्य निघाले.

हे काळे द्रव्य मौल्यवान आहे. सूर्यमालेच्या आरंभकाळापासून ते फारसे बदललेले नाही. अशाच प्रकारची एक कार्बनयुक्त उल्का १९६९ साली ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडली. तिच्यात जीवसृष्टीचे घटक असलेली अमिनो आम्ले आढळली.

चिलीतील अतिविशाल दुर्बिणीने घेतलेली हायजियाची स्पष्ट छायाचित्रे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रचंड आघाताची मोठी खाच तेथे सापडेल, अशी अभ्यासकांची अपेक्षा होती. कारण हायजियाच्या परिवारात एकाच टकरीतून जन्मलेले सुमारे सात हजार लहान गोल आहेत. प्रत्यक्षात तो जवळजवळ पूर्ण गोल निघाला. संगणकावरील गणितांनी उलगडा केला : सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी मूळ पिंडाचा त्या टकरीत चुरा झाला आणि बहुतेक तुकडे गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र येऊन आजचा हायजिया घडला.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी हा गोळ्यांचा प्रयोग घरच्या मुलांकडून अवश्य करून घ्यावा. संध्याकाळी त्यांना विचारावे, "यांतला मोठा कोणता?" पांढऱ्याकडे बोट गेले, तरी रागावू नये, मोठमोठ्या दुर्बिणींचीही तीच गत झाली होती. मात्र एखादे मूल म्हणाले, "थांबा, जवळ जाऊन मोजून सांगतो," तर पाठ पूर्ण झाला असे आम्ही समजतो.