आतड्याच्या पेशींचा मांडव आणि आष्ट्याचा विद्यार्थी

ऊतक अभियांत्रिकी म्हणजे जिवंत पेशींना कृत्रिम आधारावर वाढवून अवयवासारखी रचना घडवण्याची विद्या होय. सांगली जिल्ह्यातील आष्टा परिसरातील पालकांना ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द केळीच्या रोपांमुळे परिचित आहे. मात्र केळीच्या लहानशा कोंबापासून सबंध रोप उभे राहते, तर माणसाच्या आतड्यातील पेशी साध्या काचपात्रात सोडल्या असता सपाट थर होऊन पसरतात आणि त्यांना तासगावच्या द्राक्षवेलीसारखा मांडव लागतो. हा मांडव, म्हणजेच ‘स्कॅफोल्ड’, कोलॅजेन या प्रथिनाचा किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचा बनवतात, आणि आतड्याच्या अस्तरावर असणारे बोटांसारखे बारीक उंचवटे व त्यांच्या तळाचे खळगे काही प्रकारांत त्यावर आधीच कोरलेले असतात.

२००९ साली नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील एकेका मूलपेशीपासून (स्टेम सेल) सूक्ष्म आतडे वाढवले. २०२० साली लंडनच्या संशोधकांनी आतडी निकामी झालेल्या बालकांच्या पेशी, आधीच्या पेशी धुऊन काढलेल्या आतड्याच्या सांगाड्यावर वाढवून दाखवल्या. रुग्णासाठी हा अद्याप नित्याचा उपचार झालेला नाही, हे पालकांनी स्पष्टपणे जाणून घ्यावे. रोजगाराची नजीकची वाट औषधांच्या चाचणीतून जाते, कारण भारताने २०२३ साली नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी पेशींवर आधारित चाचण्यांना मान्यता दिली आहे.

पेशी वाढवण्याच्या कामाला चिकाटी लागते. पेशी ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत ठेवाव्या लागतात; त्यांचे गुलाबी पोषकद्रव्य पिवळे पडले की आम्लता वाढल्याचे कळते आणि ते बदलावे लागते, मग तो दिवस रविवारचा असो वा गणेशोत्सवाचा; आणि बुरशीचा एक कण कित्येक आठवड्यांची मेहनत वाया घालवतो.

जीवशास्त्राची आवड असणाऱ्याने जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान, अथवा तेथीलच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशीविषयक एम.एस्सी. करावी. गणिताकडे ओढा असणाऱ्यास कोल्हापूरच्या केआयटी महाविद्यालयातील जैवतंत्रज्ञानाची बी.टेक. उपलब्ध आहे. मांडवाचा ताठपणा, छिद्रांचा आकार आणि त्रिमितीय छपाई हे यंत्र अभियंत्याचेच प्रश्न असल्याने आष्ट्यातील अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखा घेणाऱ्यालाही हे दार बंद नाही. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि मुंबईच्या आयआयटीतील जैवअभियांत्रिकी विभाग ही पुढील संशोधनाची ठिकाणे आहेत. बारावीनंतर पीएच.डी.पर्यंत साधारणतः दहा वर्षे जातात, आणि कुटुंबाने हा हिशेब प्रवेशाआधीच मोकळेपणाने मांडावा. इतक्या लांबच्या वाटेवर पदवीच्या आकर्षक नावापेक्षा रसायन, पेशीशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा पाया अधिक मोलाचा ठरतो.

शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी पाल्यासह निवडलेल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जावे आणि पेशी वाढवण्याची पेटी चालू आहे का, तिच्यात विद्यार्थ्यांनी स्वतः वाढवलेल्या पेशी आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.