हिशेबाच्या वहीला नाही म्हणू नकोस

गायनवृंदात घेतलं नाही म्हणून रुसून बसलीयेस, हे आईकडून कळलं. वर पाळकसाहेबांनी मंडळीचा हिशेब बघशील का विचारलं, तर ‘बघू’ म्हणून टाळलंस. अगं, तुझा सूर जरा वरखालीच असतो. ताई आहे म्हणून तोंडावर सांगते. पण तुला सूर लागत नाही याचं दुःख नाहीये, ओळखते मी तुला. पुढे उभं राहून गाणाऱ्यांना प्रभूनं काहीतरी दिलं आणि आपल्या वाट्याला वह्या-पावत्या, हे खुपतंय.

हे दुखणं करिंथच्या मंडळीइतकं जुनं आहे. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. अन्य भाषांत बोलणाऱ्यांचा रुबाब तर विचारूच नकोस. प्रभुभोजनालाही काही जण आधीच खाऊन मोकळे आणि गरीब उपाशी! पौलानं त्यांना इफिसहून जे पत्र धाडलं, त्यातला बारावा अध्याय आपण लहानपणापासून ऐकतोय. शरीर आणि अवयव आले की माना डोलावतो आणि पुढचं ऐकतच नाही. शेवटाकडची यादी वाच एकदा. चमत्कार करणारे, आजार बरे करणारे, आणि त्यांच्याच ओळीत मदत करणारे, व्यवस्था पाहणारे. ज्या अन्य भाषांवरून एवढी चढाओढ, त्या सगळ्यांत शेवटी. मला तर वाटतं, त्यानं मुद्दामच त्यांना तिथे बसवलं.

रोमकरांस पत्राच्याही बाराव्या अध्यायात कृपादानंच आहेत. पण मला आवडतो तो सोळावा, ज्यात नुसती नावं आहेत म्हणून आपण तो भराभर उरकतो. पत्र सांगितलं पौलानं, लिहून काढलं तर्तियानं. तो मध्येच स्वतःचा सलामही घालून घेतो! पौलाला राहायला घर दिलं गायसानं. आणि किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, तिनंच ते पत्र रोमला पोचवलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. एवढा मोठा प्रेषित, पण एका पत्रासाठी त्याचं किती जणांवाचून अडलं बघ. असं अडतं म्हणूनच मंडळी बांधलेली राहते गं. सगळ्यांना सगळं येत असतं, तर रविवारी कोण कशाला कोणाकडे गेलं असतं?

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच घे. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट सोडून ते १९१९ मध्ये गेले. पुढचे साठावर अध्याय रचले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर लिहावाचायला शिकलेल्या बाईंनी. आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तला तो मिस्कील, मोकळा सूर टिळकांना कधी जमला असता, असं मला नाही वाटत.

आता तुझं. मागच्या नाताळच्या पावत्या तारीखवार लावून देणारी तूच होतीस. कोणाची वर्गणी राहिलीय हे चारचौघांत न काढता बाजूला नेऊन विचारणारीही तूच. अशी जीभ आवरणं सगळ्यांना जमत नाही. मला तर मुळीच नाही.

एक मात्र ध्यानात ठेव. बायकांना दरवेळी चहा आणि झाडू एवढंच ‘दान’ म्हणून वाटून दिलं जात असेल, तर तिथे गप्प बसायचं नाही. फिबी काही चहा करायला रोमला गेली नव्हती.

तेव्हा पाळकसाहेबांना हो म्हण, पण एक अट घाल. दानपेटी उघडताना आणि पैसे मोजताना दुसरं माणूस बरोबर हवं, आणि सही दोघांची. यात तुझ्यावर अविश्वास नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलानंसुद्धा मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून. सोबतीला कोण हवं ते तूच सुचव. गायनवृंदातली कोणी चालत असेल तर तिलाच विचार.