"विहीर बुजवली असेल": ओरिएंटीयरिंगमधली एक चूक, जी धंद्यात महाग पडते



या आठवड्याचा व्हिडिओ आपण नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याच्या शिवारात शूट केला. धंद्याच्या चॅनेलवर ही पोरं हातात नकाशा घेऊन नाल्या-बांधांवरून पळतायत कशाला, असं वाटलं असेल तर आधी खेळ थोडक्यात समजून घ्या.

खेळाचं नाव ओरिएंटीयरिंग. हातात नकाशा आणि होकायंत्र. रानात ठिकठिकाणी नारिंगी-पांढऱ्या कापडाच्या खुणा लावलेल्या असतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. दिलेल्या क्रमानेच ते गाठायचे, प्रत्येक ठिकाणी पंच करायचं आणि कमीत कमी वेळात परत यायचं. वाट आखून दिलेली नसते, ती तुम्ही ठरवायची. एक कंट्रोल सुटला तरी सगळी धाव बाद. पहिली जाहीर स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत, ऑस्लोजवळ झाली. पुढे स्वीडनमध्ये एर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि खेळ तरुणांमध्ये रुजवला. तुमच्यापैकी कोणी एनसीसी केली असेल तर मॅप रीडिंगचा तास आठवेल. तेच, फक्त पळत पळत.

आमची काही मोठी स्पर्धा नव्हती. सहा जण, सात कंट्रोल आणि १:१०,००० चा नकाशा, म्हणजे १ सेंटिमीटरला १०० मीटर. सहाही जण वर्षभरात स्वतःचं काहीतरी सुरू करणारे. त्यातल्या एकाला मिरची पावडरचं युनिट टाकायचंय. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या बघत मोठा झालेला पोरगा, मालाची पारख चांगली, आणि पळायला सगळ्यांत चपळ. तीन कंट्रोलपर्यंत तो पहिला होता. चौथ्याला त्याने २१ मिनिटं घालवली.

झालं असं. तिसऱ्या कंट्रोलच्या पुढे दोन नाले एकाच दिशेने जातात, एकमेकांपासून साधारण अडीचशे मीटरवर. चौथा कंट्रोल होता दुसऱ्या नाल्याच्या वळणावर. हा पहिल्याच नाल्याच्या वळणावर थांबला. वळण तसंच, काठावर आंब्याचं झाडही तसंच. म्हणाला, आलो. पण नकाशावर तिथे विहीर होती आणि समोर विहीर नव्हती. त्यावर याचं उत्तर: "बुजवली असेल." नकाशावर विजेची तार मागे होती, प्रत्यक्षात ती पुढे दिसत होती. "नवीन लाइन टाकली असेल." आणि मग नसलेला कंट्रोल शोधत तो नाल्यात वर-खाली फिरत बसला.

नकाशा मी आदल्याच रविवारी पायी फिरून तपासला होता. आठवड्यात विहीर कोण बुजवतो, भाऊ?

या चुकीला ओरिएंटीयरिंगमध्ये समांतर चूक म्हणता येईल. दोन टेकड्या, दोन नाले, दोन पायवाटा सारख्या दिसतात, आणि आपण एकीवर उभे राहून दुसरीवर आहोत असं धरून चालतो. ती मुरलेल्या खेळाडूंकडूनही होते. सारखं दिसणाऱ्या गोष्टीने फसणं हे दोन सेकंदांचं काम आहे, त्याने फार बिघडत नाही. वेळ जातो तो त्यानंतर, जेव्हा न जुळणाऱ्या प्रत्येक खुणेला आपण एक कारण चिकटवत जातो.

मी हे पैसे लावून केलंय. माझा पहिला धंदा पॅकिंग मसाल्याचा. पहिल्या महिन्यात २८ दुकानांनी माल घेतला. मी समजलो, धंदा लागला. दुसऱ्या महिन्यात ९ दुकानांनी परत ऑर्डर दिली. मी म्हटलं, लग्नसराई संपली ना. तिसऱ्या महिन्यात ४. म्हटलं, पाऊस लवकर आला. याच काळात आईच्या बांगड्या गहाण ठेवून मी दुसरं पॅकिंग मशीन घेतलं. दुकानदाराने उधारीवर माल फळीवर ठेवणं हा एक नाला, आणि गिऱ्हाइकाने तो घरी नेऊन, वापरून, परत मागणं हा दुसरा. विक्रीच्या वहीत दोन्ही सारखेच दिसतात. मी पहिल्यावर उभा होतो आणि दुसऱ्यावर आहे असं धरून मशीन घेतलं. शेवटी १ लाख ८० हजारांचा माल मुदत संपून परत आला. बांगड्या सोडवायला तीन वर्षं लागली.

मग त्या पोराने काय करायला हवं होतं? पहिली खूण जुळली नाही तिथेच थांबायचं. तरी उलगडलं नाही तर जिथे आपण नक्की होतो त्या शेवटच्या जागी परत जायचं. त्याने शेवटी तेच केलं. तिसऱ्या कंट्रोलच्या मोरीवर परत गेला आणि तिथून चार मिनिटांत चौथा गाठला. परत जाणं जिवावर येतं, मान्य. धंद्यात ती मोरी म्हणजे हातात आलेले पैसे. ऑर्डर नाही, "घेतो म्हणाले" नाही. खात्यात जमा झालेली रक्कम आणि ती देणाऱ्यांची नावं. गडबडलात की तिथून मोजायला लागा.

या खेळातल्या आणखी दोन युक्त्या मला फार उपयोगी वाटतात. एक, मुद्दाम बाजूला नेम धरणं. होकायंत्रावर ५ अंशांची चूक झाली तर ५०० मीटरवर तुम्ही जवळपास ४४ मीटर बाजूला जाता. रस्त्यावरच्या मोरीचा सरळ नेम धरलात आणि रस्त्याला लागल्यावर मोरी दिसली नाही, तर डावीकडे शोधायची की उजवीकडे? म्हणून आधीच डावीकडे नेम धरायचा, रस्ता लागला की उजवीकडे वळायचं. खर्चाचा अंदाज असाच करा. ओली मिरची वाळून किती उरेल, देठ किती निघेल, हे मुद्दाम तोट्याच्या बाजूने धरा. अंदाज चुकणारच आहे, पण कुठल्या बाजूला चुकलाय ते तरी कळेल.

दुसरी, पलीकडची आडवी खूण. निघण्याआधीच ठरवायचं की डांबरी रस्ता लागला म्हणजे मी कंट्रोलच्या पुढे गेलोय. धंद्यात ही खूण तारखेची आणि आकड्याची असते, आणि ती पैसे घालण्याआधी वहीत लिहायची असते. नंतर लिहिली तर आपण ती सोयीने सरकवतो. मी सरकवली होती.

धाव संपल्यावर खेळाडू आपण प्रत्यक्षात कुठून गेलो ती रेघ नकाशावर ओढतात आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते इतरांशी ताडून बघतात. आम्हीही बांधावर बसून, चहा घेत, लाल पेनाने तेच केलं. त्या पोराची रेघ पहिल्या नाल्यात गोल गोल फिरलेली होती. बराच वेळ तो तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, मी आत्तापर्यंत ४० किलो पावडर विकलीय. पण घेणारे मामा, मावशी आणि कॉलेजचे मित्र. हा पहिला नाला का?"

मिरची कांडप यंत्राचा ॲडव्हान्स त्याला त्याच आठवड्यात भरायचा होता. तिथूनच फोन करून त्याने विक्रेत्याकडे पंधरा दिवस मागून घेतले. आता ओळख नसलेल्या सहा गावांत, एकेका किराणा दुकानात दहा-दहा पाकिटं ठेवलीयत. दहातली चार पाकिटं रोखीने खपून परत मागणी आली नाही, तर त्या गावाच्या नावापुढे फुली. आकडा वहीत लिहून खाली तारीख टाकलीय, मी सही केलीय.

पंधरा दिवसांनी तो वही घेऊन येणार आहे, ती आपण पुढच्या व्हिडिओत उघडू. तोवर तुमच्या वहीतली गेल्या महिन्याची विक्री काढा आणि प्रत्येक नावापुढे एवढंच लिहा: ओळखीचा की अनोळखी, पहिल्यांदा की परत, रोख की उधार.