रोल घरी धू, पैसे प्रिंटसाठी ठेव

अगं, कृष्णधवल रोल धुऊन सगळे फोटो काढून द्यायचे किती, हे विचारून आलीस आणि तोंड एवढंसं झालं ना तुझं? साहजिक आहे. पण काकांचा तो निकॉन लगेच कपाटात परत ठेवू नकोस. लॅबवाल्याने तुला दोन कामांचे पैसे एका दमात सांगितलेत. फिल्म धुणं वेगळं, कागदावर छापणं वेगळं. पहिलं तू न्हाणीघरात करू शकतेस, आणि दुसरं ३६ च्या ३६ फोटोंचं करायची गरजच नसते.

आधी धोक्याचं सांगते. रोल कुठेही देण्याआधी डबीवरचं नाव वाच. एचपी५, ट्राय-एक्स या खऱ्या चांदीच्या फिल्म. रंगीत रोल धुतात त्या सी-४१ रसायनांत त्या गेल्या, तर ब्लीच चांदी खाऊन टाकतं आणि तुझ्या हातात कोरी पट्टी येते. इल्फर्डची एक्सपी२ सुपर मात्र कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच धुवायची. म्हणजे हात ओले करायचेच नसतील, तर एक्सपी२ घे, रंगीत रोल धुणाऱ्याकडे दे आणि मोकळी हो. आणि हो, ‘ब्लॅक अँड व्हाइट करता का?’ असं विचारू नकोस, हो म्हणायला काय जातं! ‘कुठल्या डेव्हलपरमध्ये धुता?’ असं विचार. नाव सांगता आलं नाही, तर रोल पर्समध्ये टाक आणि निघ.

पण माझं ऐकशील तर घरीच धू. डार्करूम लागत नाही. काळ्या चेंजिंग बॅगेत हात घालून फिल्म रिळावर चढवायची, टाकीचं झाकण लावायचं, मग बाकी सगळं उजेडात. अवघड आहे ते चढवणं. एखादा जुना, मुदत संपलेला रोल घे. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, टीव्ही बघताबघता हात बसेपर्यंत चढव-उतरव कर.

पॅटरसनच्या टाकीत एका रोलला साधारण ३०० मिली द्रावण लागतं. आयडी-११ या डेव्हलपरची १ लिटरची पावडर कालवून, वापरताना तितकंच पाणी मिसळलंस, तर ६ रोल सहज निघतात. कोडॅकचा डी-७६ आणि हा जवळजवळ एकच. जो स्वस्त मिळेल तो आण. रॅपिड फिक्सर (जुने फोटोग्राफर ‘हायपो’च म्हणतील) १ लिटर तयार द्रावणात २४ रोलपर्यंत पुरतो. तो दमला की नाही, हे रोलच्या टोकाचा तुकडा बुडवून बघायचं. ताज्या फिक्सरमध्ये तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागला होता, त्याच्या दुप्पट लागायला लागला की नवा कालव.

आपल्याकडे खरी कटकट गरमीची. एचपी५ ला निम्मं पाणी मिसळलेल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ ला नऊच्या आसपास. मे महिन्यातल्या नळाच्या पाण्याने वेळ इतका कमी होतो, की डाग पडायची भीती. पुण्या-नगरकडच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी झकास कामाला येतं. मुंबईच्या दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, तिथे परातीत बर्फ घालून बाटल्या त्यात ठेव. बर्फ द्रावणात नको! शेवटी धुण्यासाठी नळ सोडून बसू नकोस, टँकरच्या सोसायटीत राहतेस तू. टाकी भरून ५ वेळा उलटसुलट कर, पाणी बदल. मग १० वेळा, मग २० वेळा. इल्फर्डचीच पद्धत आहे ही. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. वाळत घातल्यावर पंखा बंद, नाहीतर धूळ चिकटलीच म्हणून समज. रसायनांसाठी वापरलेली भांडी स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत, एवढं मात्र कडक पाळ.

आता छपाई. ६-६ फोटोंच्या सहा पट्ट्या एका ८ बाय १० च्या कागदावर मावतात. वर काच, डोक्यावर साधा बल्ब: एनलार्जरशिवाय कॉन्टॅक्ट शीट तयार. हे काम मात्र अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यात करायचं. तो दिवा खात्रीचा आहे का, हे कागदाच्या तुकड्यावर नाणं ठेवून तपास. पाच मिनिटं त्याच उजेडात राहू दे, मग डेव्हलप कर. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदल. कागद आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) घे, दोन मिनिटांत धुऊन होतो. फायबर कागदाला तासभर पाणी लागतं.

शीटवरून भिंग फिरव आणि दोन-तीनच फोटो निवड. पैसे त्यांच्यावर घाल, मोठे आणि नीट करून घे. साध्या लॅबमध्ये हे फोटो रंगीत कागदावर छापतात, म्हणून करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक येते. आधी एक छोटा नमुना माग, खिडकीजवळ नेऊन बघ. त्यापेक्षा एखाद्या कला महाविद्यालयाची डार्करूम संध्याकाळी वापरू देतात का, ते विचार.

आजीची पंच्याहत्तरी रविवारी आहे ना? तो रोल तेवढा लॅबलाच दे. घरचा पहिला रोल गच्चीवरच्या वाळवणांचा नि मांजरांचा असू दे.